राजूर ते मर्दिनटोला

दिवाळीच्या सुट्टीत चांदूर बाजारला घरी गेलो होतो. त्याच्या आधी, १५ ऑक्टोबर २०२५ ला, माओवाद्यांचा मोठा नेता भूपती ६० साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला होता. घरी तोच विषय. बोलता बोलता मिलिंद तेलतुंबडेचं नाव निघालं आणि काका म्हणाले, "कोयशाच्या खदानीतली पक्की नौकरी सोडून जंगलात गेला. काहून बाप्पा?"

प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून हा लेख.

मिलिंद आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यातला. वणीजवळचं राजूर त्याचं गाव. दलित शेतमजुराचं घर. आयटीआय करून तो कोळसा खाणीत लागला. वऱ्हाडातल्या मजुराच्या पोराला अशी नोकरी म्हणजे दोन पिढ्यांचं कल्याण! तिथे तो कामगार संघटनेत पडला, तिथून नक्षल चळवळीत गेला आणि पुढे भूमिगत झाला. शेवटी माओवादी पक्षाच्या केंद्रीय समितीत पोचला. महाराष्ट्र, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ जिथे मिळतात तो विभाग त्याच्याकडे होता. त्याच्यावर ५० लाखांचं बक्षीस होतं. पत्नी अँजेला सोनटक्के हिला २०११ मध्येच अटक झाली होती.

त्याच घरातला थोरला भाऊ आनंद. तो इंजिनियर झाला, मग आयआयएम, कंपनीत मोठं पद, प्राध्यापकी, जातीवर पुस्तकं. भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना २०२० मध्ये अटक झाली, २०२२ मध्ये जामीन मिळाला. धाकट्याशी आपला कित्येक वर्षं संबंध नाही, असं ते सांगत आले.

म्हणजे गरिबी तीच, जात तीच, गावही तेच. परिस्थितीमुळे राग का आला ते कळतं, पण बंदूक का उचलली ते कळत नाही. तो निर्णय माणसाचा स्वतःचा असतो.

आणि त्याची किंमत कोणी दिली? दलममधली खालची फळी बहुतेक आदिवासी. १९९० मध्ये उभं राहिलेलं पोलिसांचं सी-६० पथकही स्थानिक पोरांचंच. १ मे २०१९ ला जांभुळखेड्याच्या भूसुरुंग स्फोटात १५ पोलीस आणि गाडीचा ड्रायव्हर गेले. १३ नोव्हेंबर २०२१ ला मर्दिनटोल्याच्या जंगलात सी-६० शी चकमक झाली आणि २६ मृतदेह मिळाले. त्यात एक मिलिंदचा. बाकीच्यांची नावं आपल्यापैकी किती जणांना आठवतात? मलाही नाही आठवत.

ज्यांच्यासाठी लढाई म्हणायची, त्यांचीच पोरं दोन्हीकडून मेली. चार वर्षांनी वरचा नेता हत्यार खाली ठेवून जिवंत बाहेर आला. ते बरंच झालं. पण आधी मेलेल्यांचं काय?

हे सगळं काकांना फोनवर सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "त्याच्या मायले काय वाटलं असंन?"

ह्याचं उत्तर माझ्याकडे नाही. असो.