रबरी बेडकाची कुळकथा

भीमेवरच्या उजनी धरणाच्या फुगवट्यावर मरळीसाठी गळ टाकणाऱ्या हौशी माणसाच्या पिशवीत हल्ली एक रबरी बेडूक असतो. पोटातून पोकळ, बोटाएवढा, मागे रबराच्या झिरमिळ्यांचे पाय आणि पाठीला चिकटून वर वळलेले दोन काटे. काट्यांची टोकं पाठीवर टेकलेली असल्यामुळे जलपर्णीच्या पानांवरून किंवा शेवाळाच्या थरावरून ओढला तरी तो अडकत नाही. मरळीने जबड्यात दाबला की पोकळ अंग चेपतं आणि काटे उघडे पडतात. पाणी उसळल्याबरोबर झटका देणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा नुसता बेडूकच परत येतो. मरळीला तोंड मिटून पाण्याखाली वळायला क्षणभर दिला, तर मासा लागतो. ही वस्तू आणि ही युक्ती, दोन्ही अमेरिकेत बास नावाच्या माशासाठी घडल्या. बास भीमेत नाही. पण पाणवनस्पतींच्या आडोशाला दबा धरायचा आणि वरून जाणाऱ्या सावजावर तुटून पडायचं, ही बासची खोड मरळीला तंतोतंत आहे. म्हणून परदेशी बेडूक सोलापूर जिल्ह्यातल्या पाण्यात बिनतक्रार चालतो.

या बेडकाची हकिकत साधारणपणे अशी सांगितली जाते : आपल्याकडे पूर्वी गळ होता, कणकेचा गोळा होता, गांडूळ होतं, गळाची कला साहेबाने आणली आणि अमेरिकनांनी तिला पूर्णत्व दिलं. या हकिकतीतला क्रम बराचसा खरा आहे, पण त्यातून काढलेला निष्कर्ष खोटा आहे. नकली आमिष ही गळाच्या प्रगतीची वरची पायरी नाही. जिथे खरं आमिष गळाला लावता येत नाही, टिकत नाही किंवा परवडत नाही, तिथे नकली आमिष जन्माला येतं. दख्खनला त्याची गरज फार उशिरा पडली, आणि त्याचं कारण अडाणीपण नव्हे.

गळ हे हत्यार फारच जुनं. जपानच्या ओकिनावा बेटावरच्या साकितारी गुहेत शिंपल्याचे गळ सापडले, ते सुमारे २३,००० वर्षांपूर्वीचे. हडप्पा संस्कृतीच्या लोकांकडे तांब्याचे गळ होते. नकली आमिषाचा पहिला ठळक लेखी पुरावा मात्र रोमन काळातला, इसवी सन २००च्या आसपासचा. मॅसेडोनियातल्या एका नदीचे लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसं बांधतात, असं ईलियन या रोमन लेखकाने लिहून ठेवलं आहे. ते खरी माशीच का लावत नाहीत, याचंही उत्तर तो देतो. त्या माशीला माणसाचा हात लागला की तिचा रंग उडतो, पंख चुरगळतात आणि मासा तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. म्हणजे खरी माशी गळावर टिकेना, म्हणून खोटी करावी लागली.

पुढच्या शोधांतही हेच कारण डोकावतं. इंग्लंडमध्ये गळाच्या मासेमारीवरचा प्रसिद्ध निबंध १४९६ साली छापला गेला. त्यात पिसांच्या माश्यांची कृती आहे, आणि ती ट्राउटसारख्या, पाण्यावरच्या किड्यांवर जगणाऱ्या माशांसाठी आहे. अमेरिकेत ज्यूलिओ ब्यूएलने धातूच्या चमच्याचं पेटंट १८५२ साली घेतलं. मिशिगनमधल्या जेम्स हेडनने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला लाकडाचा बेडूक कोरला. आपल्या रबरी बेडकाचा आजोबा तोच म्हणायचा. पण या सगळ्यांत बोलका दाखला फिनलंडच्या लौरी रापालाचा. तो हौशी नव्हता, पोटासाठी मासे धरायचा. शेकडो गळांना रोज खरे मासे टोचत बसण्यात त्याचा दिवस जाई. १९३६ साली त्याने बुचाच्या लाकडाचा मासा केला, त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. त्याला वेळ वाचवायचा होता. १९४९ साली ओहायोतल्या निक क्रीमने प्लॅस्टिकचं गांडूळ ओतलं, आणि तिथून रबरी प्राण्यांची सगळी पिलावळ सुरू झाली.

आता आपल्या बाजूचा कागद काढू. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने नळदुर्ग, उमरगा मागे टाकलं की पुढे बसवकल्याण लागतं. हीच चालुक्यांची कल्याणी, आणि सोलापूरचा मुलूख त्यांच्याच राज्यातला. भीमा-सीनेच्या संगमावर हत्तरसंग कुडल इथे शके ९४०चा जो मराठी शिलालेख आहे, तोही त्याच राजवटीतला. या घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराने ११३०च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाने राज्य कसं मिळवावं इथपासून त्याने काय खावं आणि कशात रमावं इथपर्यंत शंभर विषय त्यात आहेत, आणि त्यांतला एक आहे मत्स्यविनोद, म्हणजे गळाने मासे धरण्याची करमणूक. ग्रंथाची प्रत श्रीगोंदेकरांनी संपादित करून बडोद्याहून छापली; १९५१ साली मत्स्यशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात या प्रकरणाची शास्त्रीय छाननी केली. सोमेश्वर मासे मोजतो, त्यांची वर्गवारी लावतो : समुद्रातले आणि नदीतले, खवल्यांचे आणि नुसत्या कातडीचे, मोठे आणि लहान. दोरी कशी असावी, काठी कशी असावी, गळ कसा असावा, हे सांगतो. पण त्याचा खरा जीव अडकलाय तो चाऱ्यात. कोणत्या माशाला पिठाचे गोळे घालावेत, कोणत्याला मांस, हे तो जातवार सांगतो. मासा आधी जागेवर आणायचा, तिथल्या अन्नाची सवय लावायची, आणि मग गळ टाकायचा. आजही रोहू-कटल्याच्या मागे लागलेला माणूस पेंड आणि भरड्याचा चारा आधी टाकून ठेवतो, तो याच तर्काने.

इथे एक आक्षेप येईल आणि तो वाजवी आहे. राजाच्या करमणुकीचा संस्कृत ग्रंथ भोई-कोळ्यांच्या व्यवहाराचा पुरावा कसा मानायचा? याला उत्तर त्याच ग्रंथात आहे. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओवी गातात, ही नोंद मानसोल्लासातलीच. पोथ्यांतून पोथी लिहिणारा माणूस मुसळापाशी जात नाही. हा गेला होता, किंवा गेलेल्या कुणाचं त्याने ऐकलं होतं. कोणता मासा काय खातो हे दरबारात बसून कळत नाही, ते पाण्यात उभ्या राहणाऱ्याकडूनच येतं. मात्र आजचा भोई सोमेश्वराकडून शिकला, असं म्हणायचं नाही. त्या ग्रंथापासून उजनीपर्यंत अखंड परंपरा दाखवता येत नाही आणि दाखवायची गरजही नाही. पाणी तसंच आणि मासे तेच असले की माणसं पुनःपुन्हा त्याच युक्तीपाशी येतात. इंग्लंडच्या छापील निबंधाहून मानसोल्लास साडेतीनशे वर्षांनी जुना आहे म्हणून छाती फुगवण्यातही अर्थ नाही. ईलियन त्याहून नऊशे वर्षांनी जुना आहे.

मग मानसोल्लासातला भर चाऱ्यावर का? दख्खनच्या नद्या पावसाळ्यात काळ्या मातीने गढूळ होतात. त्यांतले मोठे खवल्यांचे मासे बरेचसे तळाशी किंवा मधल्या थरात चरणारे, वासाने आणि चवीने अन्न शोधणारे. मृगळीला चांदीचा चमचा दाखवून उपयोग नाही, ती त्याच्याकडे बघतही नाही. तिथे वासाचा गोळा हेच शहाणपण. दुसरा आक्षेप इथेच उभा राहतो : महसीर तर डोळ्याने शिकार करतो. हेन्री सलिव्हन थॉमस या मद्रासच्या मुलकी अधिकाऱ्याने १८७३ साली ‘द रॉड इन इंडिया’ लिहून महसीर चमच्यावर कसा धरावा ते शिकवलं. मग ते इथल्या लोकांना का सुचलं नाही? कारण महसीर फळं खातो, दाणे खातो, लाह्याही खातो. देहूला इंद्रायणीच्या काठी माशांना खाऊ घालण्याचा जुना प्रघात आहे, आणि इंद्रायणी पुढे भीमेलाच मिळते. जो मासा हातचं खातो त्याला चमचा कशाला दाखवायचा? थॉमसला नुसता मासा नको होता. फेकीची, झुंजीची मौज हवी होती. ती मागणी वेगळी, म्हणून तिचं हत्यारही वेगळं.

राहिली मरळ. ती खरोखर डोळ्याने शिकार करते आणि गढूळ, कमी प्राणवायूच्या डबक्यातही तग धरते, कारण ती वर येऊन हवा घेते. तिच्यासाठी दख्खनमध्ये जिवंत बेडूक नाहीतर छोटा मासा गळाला लावत, आणि रबराचा विचार कुणाच्या मनात येण्याचं कारणच नव्हतं. पहिल्या पावसानंतर बांधाबांधावर बेडूक फुकट मिळत होता. फुकट मिळणाऱ्या वस्तूची नक्कल कुणी करत नाही.

ती परिस्थिती आता उरलेली नाही. बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवण्याच्या धंद्याने शेतातले बेडूक इतके ओरबाडले, की १९८७ साली सरकारला त्या निर्यातीवर बंदी घालावी लागली. मोठा बेडूक आता वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत आहे. त्याला पकडून गळाला टोचणं हा गुन्हा ठरू शकतो. ईलियनच्या नदीकाठी जे माशीचं झालं ते आपल्या बांधावर बेडकाचं झालं, कारण तेवढं वेगळं. म्हणून रबरी बेडूक हे नुसतं परदेशी फॅड आहे, हा जुन्या गळकऱ्यांचा टोमणा मला मान्य नाही. काट्यांची रचना, विणलेली दोरी, रीळ हे सगळं बाहेरून आलं हे खरं. गरज मात्र इथेच तयार झाली. तो जास्त मासे देतो हा त्याच्या बाजूने केला जाणारा दावा मला गौण वाटतो. तंगुसाला बांधलेल्या जिवंत बेडकाइतकं मरळीला भुलवणारं दुसरं काही नाही, हे कोणताही जाणता भोई सांगेल. रबरी बेडूक खऱ्याचा जीव वाचवतो, हा त्याच्या बाजूचा भक्कम मुद्दा.

पण याच मुद्द्याला धरून एक गोष्ट मागावी लागते. पावसाळ्यात मरळीची जोडी आपल्या पिल्लांवर पहारा देते. लालसर पिल्लांचा थवा पाण्याच्या वरच्या थरात एकगठ्ठा फिरतो आणि आईबाप त्याच्या खालीच असतात. अशा वेळी थव्यावर बेडूक टाकला तर मरळ भुकेने नव्हे, रागाने तुटून पडते, आणि हमखास सापडते. तिच्यामागे ती पिल्लं बाकीच्या माशांच्या तोंडी जातात. उजनीवर किंवा हिप्परग्याच्या तलावावर जाणाऱ्याने आधी तिथल्या परवान्याची चौकशी करावी, आणि तांबडा थवा दिसला तर तिथून दोरी गुंडाळून दुसरीकडे जावं.