रेषेपलीकडचा हेडकोच

जालन्याहून सिंदखेडराजाकडे निघालं की थोड्याच वेळात मराठवाडा संपतो आणि विदर्भ लागतो. रस्त्यात काहीच बदलत नाही. तीच कापसाची-सोयाबीनची रानं, तीच बोली, लग्नसंबंधही इकडचे तिकडे. क्रिकेटमध्ये मात्र ही रेषा पक्की आहे. जालन्याच्या पोराला रणजी खेळायची तर महाराष्ट्राच्या संघात जागा मिळवावी लागते, म्हणजे पुणं गाठावं लागतं. सिंदखेडराजाच्या पोराचा रस्ता नागपूरला जातो.

मी रेषेच्या अलीकडचा. आमच्याकडे विजय झोल हे नाव लहान पोरांनाही पाठ आहे. जालन्याच्या या डावखुऱ्या फलंदाजाने २०११ मध्ये कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध नाबाद ४५१ धावा केल्या आणि २०१४ च्या १९ वर्षांखालील विश्वचषकात भारताचं नेतृत्व केलं. आपल्या गावातून इतक्या लांब जाता येतं, हे त्याने दाखवलं. पण संघ कसा घडतो, हे मला शिकायला मिळालं रेषेपलीकडे पाहून. आणि तिथली गोष्ट एका प्रशिक्षकाची आहे.

आधी थोडं मागे जाऊ. महाराष्ट्राने रणजी करंडक दोनदाच जिंकलाय, १९३९-४० आणि १९४०-४१ मध्ये. दोन्ही वेळा कर्णधार होते दि. ब. देवधर, पुण्याच्या एसपी कॉलेजात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक. त्या काळात हेडकोच नावाचं पदच नव्हतं. संघ बांधायचा, पोरांना वळण लावायचं, डावपेच ठरवायचे, सगळं कर्णधाराच्या डोक्यावर. ही पद्धत पुढे कितीतरी वर्षं चालली. १९८३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघासोबतही मॅनेजर होते, कोच नव्हता. भारताने पहिला परदेशी कोच, जॉन राइट, नेमला तो २००० मध्ये.

म्हणजे हेडकोच ही आपल्याकडे तशी नवी नोकरी. या नोकरीत देशांतर्गत क्रिकेटमध्ये ज्याच्या नावाचा दबदबा तयार झाला, तो माणूस म्हणजे चंद्रकांत पंडित.

पंडित मुंबईचे, रमाकांत आचरेकर सरांच्या हाताखालचे. यष्टिरक्षक-फलंदाज. भारतासाठी ५ कसोटी आणि ३६ एकदिवसीय सामने खेळले. त्या काळात किरण मोरे, सय्यद किरमाणी अशी माणसं त्याच जागेसाठी होती, त्यामुळे पंडितांचं येणं-जाणं चालू राहिलं. कारकिर्दीच्या शेवटी ते मध्य प्रदेशकडून खेळायला गेले आणि तिथे कर्णधार झाले. १९९८-९९ च्या मोसमात त्यांनी संघ रणजीच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. बंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमवर कर्नाटकविरुद्ध पहिल्या डावाची आघाडीही घेतली. रणजीचा अंतिम सामना अनिर्णित राहिला तर आघाडीवाला जिंकतो. म्हणजे शेवटच्या दिवशी नुसतं टिकून राहायचं होतं. मध्य प्रदेशची फलंदाजी कोसळली आणि करंडक गेला.

खेळणं संपल्यावर पंडित कोच झाले. २००२-०३ आणि २००३-०४ अशी सलग दोन वर्षं त्यांच्या हाताखाली मुंबईने रणजी जिंकली, पुढे २०१५-१६ मध्ये पुन्हा. पण मुंबई तर जिंकतच असते, यात कोचचं काय, असं म्हणणारे होतेच. २०१७ मध्ये ते विदर्भाकडे गेले.

विदर्भ तेव्हा काय होता, हे आम्हा शेजाऱ्यांना चांगलं माहीत आहे. १९५७ पासून रणजीत, पण अंतिम सामना एकदाही नाही. जामठ्याचं मोठं स्टेडियम होतं, उमेश यादवसारखा खापरखेड्याचा वेगवान गोलंदाज भारताकडून खेळत होता. तरी मोठ्या संघांसमोर आपण लहानच, ही सवय संघाला लागलेली.

पंडितांची शिस्त कडक. वेळ म्हणजे वेळ, सराव म्हणजे सराव, नाव कितीही मोठं असो. त्या पहिल्याच मोसमात उपांत्य सामन्यात कर्नाटकसारख्या बलाढ्य संघाला विदर्भाने कोलकात्यात अवघ्या ५ धावांनी हरवलं. असे सामने पूर्वी ते हरायचे. मग इंदूरला दिल्लीविरुद्ध अंतिम सामना. इंजिनिअरिंग शिकलेल्या रजनीश गुरबाणीने हॅट्ट्रिक घेतली, अक्षय वाडकर या तरुण यष्टिरक्षकाने १३३ धावा ठोकल्या आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ पहिल्यांदा रणजी विजेता झाला. पुढच्या वर्षी नागपूरच्या मैदानावर सौराष्ट्रला हरवून पुन्हा जिंकला. दोन्ही वर्षी इराणी करंडकही घेतला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हे एकट्या कोचचं यश नव्हतं. वसीम जाफर, गणेश सतीश यांच्यासारखे बाहेरून आलेले अनुभवी फलंदाज संघात होते. फैज फजलसारखा शांत कर्णधार होता. सुब्रतो बॅनर्जी गोलंदाजांवर मेहनत घेत होते. कोच धावा काढत नाही, विकेट घेत नाही. पण या सगळ्यांना एका धाग्यात ओवणारा माणूस लागतो आणि तो पंडित होते.

पुढे ते मध्य प्रदेशचे कोच झाले. २०२२ च्या जूनमध्ये त्यांचा संघ अंतिम सामन्याला उतरला. समोर त्यांचीच मुंबई, मैदान तेच चिन्नास्वामी. मुंबईच्या ३७४ ला मध्य प्रदेशने ५३६ धावांनी उत्तर दिलं आणि सामना ६ गडी राखून जिंकला. मध्य प्रदेशचं हे पहिलंच रणजी विजेतेपद. २३ वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून जे तिथे राहून गेलं होतं, ते कोच म्हणून मिळालं. पंडितांच्या डोळ्यांत त्या दिवशी पाणी होतं.

नंतर ते आयपीएलमध्ये कोलकाता नाइट रायडर्सचे हेडकोच झाले. २०२४ मध्ये संघ विजेता ठरला. पण तिथे त्यांची कडक शिस्त काही परदेशी खेळाडूंना जाचल्याची चर्चाही उघडपणे झाली. रणजीतल्या पोरांना जी शिस्त आधार वाटते, तीच जगभर खेळून आलेल्यांना ओझं वाटू शकते. मला हे पंडितांचं अपयश वाटत नाही. प्रत्येक कोचची एक जागा असते आणि पंडितांची जागा होती स्वतःवर विश्वास नसलेला संघ.

आता खरा प्रश्न. कोच निघून गेला की काय उरतं? करंडक कपाटात राहतो, सवयी टिकतात का?

विदर्भाचं उत्तर आपल्यासमोर आहे. पंडित गेल्यावर काही वर्षं ओसरल्यासारखी गेली. मग २०२३-२४ मध्ये संघ पुन्हा अंतिम सामन्यात आला, मुंबईकडून हरला. पुढच्या मोसमात, २०२५ च्या मार्चमध्ये, केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा रणजी जिंकली. कोच होते उस्मान घनी. दानिश मालेवारने अंतिम सामन्यात १५३ धावा केल्या, हर्ष दुबेने मोसमात ६९ बळी घेऊन रणजीचा विक्रम केला. ही दोन्ही पोरं पंडितांच्या विजेत्या संघांत नव्हती. कर्णधार मात्र होता अक्षय वाडकर, इंदूरला १३३ करणारा तोच.

रेषेच्या अलीकडे आम्ही अजून देवधरांच्या दोन करंडकांवर आहोत. जालना, बीड, परभणीच्या मैदानांवर चांगली पोरं आजही दिसतात. त्यांतला एखादा झोल होईल, त्याचं कौतुकही होईल. पण एका पोराच्या पुण्याला जाण्याने जिल्हा पुढे जात नाही. जिल्ह्याच्या मैदानावर रोज सकाळी वेळेवर येऊन उभा राहणारा, पाच-दहा वर्षं तिथेच टिकणारा आणि त्याबद्दल नीट पगार मिळणारा कोच हवा. विदर्भाने पैसा आधी मैदानावर लावला, मग माणसावर. आमच्याकडे निदान माणसापासून तरी सुरुवात होऊ शकते.