बायकांचा विनोद: जात्यापासून दिवाळी अंकापर्यंत



हप्ते जमा झाले, वही मिटली, की गटाची खरी बैठक सुरू होते, हे तुम्हा-आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ग्रामसभेत कोण बसल्या बसल्या घोरलं, लग्नात वरमाय कशावरून रुसली, बँकेत सही करताना कुणी स्वतःऐवजी सासूचंच नाव लिहिलं. हसून हसून पदर तोंडाला लावायची वेळ येते. पण त्याच बाईसमोर माइक धरा. ती लगेच म्हणते, "त्यात काय सांगायचं? ते आपलं असंच."

आज आम्ही या 'असंच'विषयी बोलणार आहोत. मराठीत विनोद कुणी लिहिला, त्यांना विषय कुठे सापडले, तो छापला कुणी, आणि त्यात बायकांची नावं इतकी थोडी का, हे पाहू. शेवटी आपल्यातल्या कुणाला लिहायचं असेल तर काय करावं, तेही सांगू.

आधी एक गोष्ट पक्की करू. विनोद ही काही शिकलेल्यांची मिरास नाही. छापखाना यायच्या कितीतरी आधीपासून तो आपल्या ओसरीवर होता. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथ महाराजांनी भारुडं रचली. त्यांतल्या एका भारुडात सासुरवाशीण देवीला नवस बोलते, की घरातलं एकेक माणूस वाटेतून दूर कर, मग मी मोकळी. अर्थ अध्यात्माचा आहे, पण माणसं हसतात ती संसाराला. महाराजांनी हे बोलणं बाईच्या तोंडी घातलं, कारण ते तिच्याच तोंडी शोभणारं होतं. भोंडल्याची, हादग्याची गाणी आठवा. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला सासू सासऱ्याकडे पाठवते, सासरा दिराकडे, आणि असं करत करत घरभर फिरवतात. सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना आपल्याला हेच गाणं आठवत नाही का? ज्या बायकांनी ते रचलं त्यांची नावं मात्र कुणालाच माहीत नाहीत.

ज्यांनी नाव लावून लिहिलं, त्यांचं काय झालं तेही ऐका. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे छोटं पुस्तक छापलं. त्या काळी सुरतेच्या एका तरुण विधवेवर खटला झाला होता आणि त्यानिमित्ताने वर्तमानपत्रांतून सगळ्याच बायकांवर चिखलफेक चालली होती. ताराबाईंनी रडगाणं गायलं नाही. बायकांवर जे जे दोष ठेवले जात होते, ते एकेक घेऊन त्यांनी पुरुषांच्या अंगाला लावून पाहिले, की बघा, हा सदरा कुणाला जास्त बसतो! त्यांचा राग खरा होता, पण हत्यार होतं उपहासाचं. पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुल्यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. तरीही ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलेलं नाही. आणि हेही पुस्तक विस्मरणात गेलं, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा छापेपर्यंत. म्हणजे जवळजवळ ९३ वर्षं! बाई रडली तर समाज ऐकून घेतो, पण बाई हसली, आणि तीही वरच्यांना हसली, तर त्याला ते सोसत नाही. आपल्या तोंडावरचा पदर तिथून आलेला आहे.

यानंतर वीसच वर्षांनी पुरुषांच्या विनोदाला मानाचं पान मिळालं. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे विदर्भातले वकील. १९०२ साली त्यांचा 'साक्षीदार' हा विनोदी लेख छापून आला. पुढे 'सुदाम्याचे पोहे' या नावाने त्यांचे लेख गाजले. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तिघे मिळून एकेक रूढी पाळायला जातात आणि फजीत होतात. विषय कुठले, तर शकुन-अपशकुन, सणवार, लग्नातला मानपान. कोल्हटकरांना विषय शोधत लांब जावं लागलं नाही, ते रोजच्या घरात होते. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी 'बाळकराम' या नावाने लिहिलं, आणि लग्न जुळवण्याच्या खटाटोपावर लोकांना पोट धरून हसवलं.

यानंतर आले चिं. वि. जोशी. आपल्याला खरं शिकायचं असेल तर ते यांच्याकडून. हे बडोद्याला पाली भाषा शिकवत, पुढे संस्थानच्या दप्तरखात्यातही होते. म्हणजे काम गंभीर आणि रुक्ष. पण लिहिला त्यांनी चिमणराव. १९३३ साली 'चिमणरावांचे चऱ्हाट' हे पुस्तक आलं. चिमणराव हा साधा कारकून, अंगाने किरकोळ, मनाने भित्रा. त्याचा भाऊ गुंड्याभाऊ अंगापिंडाने दांडगा. घरात बायको काऊ, मुलं मोरू आणि मैना. प्रवास, पाहुणे, लग्न ठरवणं, आजारपण एवढ्यावर त्यांनी पुस्तकांमागून पुस्तकं लिहिली. गंमत अशी, की चिमणराव स्वतःच स्वतःची फजिती सांगतो. तो बायकोला हसत नाही, गरिबाला हसत नाही, आधी स्वतःला हसतो. म्हणून वाचणाऱ्याला तो घरचा वाटतो. त्यावर सिनेमे निघाले, आणि पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ती जोडी घराघरात पोचवली.

अगदी त्याच वेळी एक बाई लिहीत होत्या, त्या म्हणजे लक्ष्मीबाई टिळक. त्यांचं 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालं. लोक त्याला आत्मचरित्र म्हणून वाचतात, आणि ते आहेच. पण आम्ही गटात त्याचे उतारे मोठ्याने वाचले तेव्हा बायका खळखळून हसल्या. वडील सोवळ्यापायी सगळ्या घराला जेरीस आणणारे. नवरा कवी, मनाने मोठा, पण रागीट. हातात पैसा आला की दुसऱ्याला देऊन मोकळा, आणि मनात आलं की घर सोडून चालता होणारा. सोसलेलं थोडं नव्हतं. नवऱ्याने धर्म बदलला तेव्हा तर सगळं जगच उलटंपालटं झालं. पण लक्ष्मीबाई ते सांगतात आपल्या ओसरीवरच्या भाषेत, स्वतःच्या भाबडेपणाला हसत हसत. लग्नानंतर अक्षरं शिकलेली ही बाई मराठीतल्या पहिल्या रांगेत बसली. कशाच्या जोरावर? जसं बोलायच्या तसं लिहिण्याच्या जोरावर.

आता बाजाराकडे येऊ. कारण लिहून ट्रंकेत ठेवलं तर उंदीर वाचणार. लोणच्याला जसा बाजार लागतो तसा लेखालाही लागतो.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि दिवाळीच्या फराळाबरोबर वाचायचा अंक ही मराठी घराची रीतच पडली. १९३० साली शंकरराव किर्लोस्करांनी 'स्त्री' मासिक सुरू केलं, तेही मुंबई-पुण्यात नव्हे, सांगली भागातल्या किर्लोस्करवाडीत, जिथे नांगर तयार होत. बायकांनी लिहावं, वादही घालावा, यासाठी खास जागा झाली. आकाशवाणी आली तशी आणखी एक दार उघडलं. मुंबई केंद्राचं 'पुन्हा प्रपंच' घरोघर ऐकलं जाई. टेकाडे भावजी आणि मीनावहिनी यांच्या साध्या घरगुती गप्पा, आणि त्यातूनच महागाईपासून शेजाऱ्यांपर्यंत सगळ्याला चिमटे. 'कथा' आणि 'चष्मेबद्दूर' असे हसवणारे सिनेमे करणाऱ्या सई परांजपे यांचीही सुरुवात आकाशवाणीवरच झाली.

खास विनोदाला वाहिलेला 'आवाज' हा दिवाळी अंक मधुकर पाटकर यांनी १९५१ साली सुरू केला. विनोदी लेखकाला हक्काचं गिऱ्हाईक मिळालं. पण मैत्रिणींनो, इथेच एक खटकणारी गोष्ट आहे. अशा अंकांत आणि पुढे व्हॉट्सॲपवरही 'बायको' हाच एक विषय होऊन बसला. ती जाडी, ती खर्चिक, तिच्या हातात लाटणं. शंभर विनोदांत बाई दिसते, पण लिहिणारी म्हणून नाही, हसण्याची वस्तू म्हणून. ज्या हातातल्या लाटण्यावर घर जेवतं, त्याच लाटण्याची चेष्टा!

याला उत्तर रागावून देता येतं, तसं लिहूनही देता येतं. मंगला गोडबोले यांनी सदरं लिहिली, पुस्तकं लिहिली, आणि बाईच्या जागेवरून घर कसं दिसतं ते हसत दाखवलं. पद्मजा फाटक यांनी तर स्वतःच्या मूत्रपिंडाच्या आजारावर पुस्तक लिहिलं आणि नाव ठेवलं 'हसरी किडनी'. एवढ्या मोठ्या दुखण्यातही ज्यांना नाव ठेवायला 'हसरी' हाच शब्द सुचला, त्यांचा विनोद म्हणजे टिंगल नव्हे, तो जगण्याचा आधार आहे.

आणि गावाचा विनोद? तो द. मा. मिरासदार आणि शंकर पाटील यांनी लिहिला, आणि कथाकथन करत गावोगाव नेला. मिरासदार अकलूज-पंढरपूरकडचे, पाटील कोल्हापूरकडचे. मराठवाड्याच्या लक्ष्मण देशपांड्यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने सगळं वऱ्हाड रंगमंचावर उभं केलं. आपली भाषा, आपला पार, आपली लग्नं, सगळं त्यांत आहे. पण पारावर बसलेल्या माणसांना पाणवठ्यावरच्या गप्पा ऐकू येत नाहीत. त्या अजून लिहायच्या राहिल्या आहेत, आणि लिहिल्या तर आपणच लिहिणार.

इथे बहिणाबाईंची आठवण काढायलाच हवी. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या रचत गेल्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी जे टिपून ठेवलं तेवढं राहिलं. १९५१ साली त्या गेल्या. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या हाती पडली, आणि १९५२ साली पुस्तक झालं. टिपून ठेवणारं कुणी नसतं तर? बहिणाबाईंसारख्या किती जणींचं बोलणं त्यांच्याबरोबरच गेलं असेल, याचा हिशेब कुठल्याच वहीत नाही.

म्हणून आता कामाचं बोलू.

विषय कुठे शोधायचे? चिं. वि. जोशींनी शोधले तिथेच. घरात, प्रवासात, कचेरीत. जिथे बोलणं एक आणि वागणं दुसरं असतं, तिथे विनोद असतो. सत्काराला नारळ एक आणि सत्कारमूर्ती सात, हा विषय झाला. अंगठा देऊन देऊन मशीनला अंगठाच ओळखू येईना, हा विषय झाला. भांडी घासून झिजलेल्या बोटांचा तो विषय आहे, त्यात हसूही आहे आणि दुखणंही. गटाच्या वहीच्या मागच्या पानावर रोज एक ओळ टिपून ठेवा. जिला लिहिता येत नाही तिने मोबाइलवर बोलून ठेवावं, लेकीने उतरवून काढावं.

लिहायचं कसं? बोलता तसं. आधी मोठ्याने सांगून पाहा, बाया जिथे हसल्या तिथे खूण करा, जिथे जांभई आली तिथे कात्री लावा. हसू आलं की थांबा. "अशी ही गंमत झाली" असं वर सांगायची गरज नसते.

हसायचं कुणाला? हा सगळ्यांत मोठा प्रश्न. स्वतःला हसा, रूढीला हसा, मोठेपणा मिरवणाऱ्याला हसा. कुणाची जात, काळा रंग, अपंगपण, विधवापण, मूल नसणं यांवर नको. ते आपल्याला लोकांनी पुष्कळ ऐकवलंय, आपण पुढे कशाला चालवायचं? खऱ्या माणसाचं नाव, वाडी, खुणा बदलून टाका. उद्या त्याच माणसाच्या घरी हळदीकुंकवाला जायचं असतं.

पाठवायचं कुठे? आपला सामुदायिक रेडिओ आहेच. २००६ पासून सरकारने संस्थांना अशी केंद्रं काढायची मुभा दिली, आणि म्हसवडच्या 'मन देशी तरंग'सारख्या केंद्रांवर गावातल्या बायका स्वतः बोलू लागल्या. जळगाव, सांगली, परभणी, अकोला, रत्नागिरी इथे आकाशवाणीची केंद्रं आहेत, महिलांच्या कार्यक्रमासाठी तिथे पत्र पाठवून विचारता येतं. वर्तमानपत्रांच्या महिला पुरवण्या वाचकांचे छोटे अनुभव छापतात. तो आखूड हवा, म्हणून शब्दमर्यादा आधी पाहा. दिवाळी अंकासाठी दिवाळीत लिहून उपयोग नाही. तिथे मजकुराची जमवाजमव पावसाळ्यातच सुरू होते, म्हणून पेरणी उरकली की लेख पाठवा. एकच लेख एका वेळी दोन ठिकाणी देऊ नका. आपल्याजवळ प्रत ठेवा. मानधन मिळतं का, किती, हे विचारायला लाजू नका. पापडाचा भाव आपण विचारतोच की. परत आला तर दुसरीकडे पाठवा. परत आलेला लेख म्हणजे बुडालेलं कर्ज नव्हे.

ताराबाईंचं पुस्तक पुन्हा वाचकांच्या हाती यायला ९३ वर्षं लागली. आपल्याकडे तेवढा वेळ नाही. गटातली सगळ्यांत म्हातारी, सगळ्यांत हसवणारी बाई कोण, ते तुम्हाला आत्ता ऐकता ऐकताच आठवलं असेल. पुढच्या बैठकीत हप्ते झाले की तिला बोलतं करा, आणि कुणीतरी एकीने लिहून घ्या. तिचं नाव वर मोठ्या अक्षरात घाला. तेवढं झालं तरी आजचं बोलणं कारणी लागलं.