शाकारणी कोणी करायची?

कोकणात पावसाआधी कौले परतायची, म्हणजे शाकारणी करायची, ती घरमालकाने की भाडेकरूने, हा वाद फ्लॅटमधल्या गळक्या नळापेक्षा जुना आहे. १८८२च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने भाडेकरूला बजावले, की घर मिळाले तशा स्थितीत ठेवायचे. त्यातून वापराची झीज आणि अनावर आपत्ती वगळली. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळाने श्रीवर्धन-मुरुडची छपरे उडवली, ती या अपवादात बसतात.

पुढे १९४७चा मुंबई भाडेनियंत्रण कायदा आला. जुन्या घरांची भाडी सप्टेंबर १९४०च्या आकड्यावर गोठली, दुरुस्ती मात्र मालकाकडेच राहिली. गवंड्याची मजुरी काही गोठली नाही. मालकांनी हात आखडला यात नवल कसले! १९९७मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ही भाडी अवाजवी ठरवली.

१९९९च्या कायद्याचे कलम १४ सांगते: उलट करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकाचे काम. १५ दिवसांची नोटीस देऊनही तो हलला नाही, तर भाडेकरूने स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करावा, पण वर्षाच्या भाड्याच्या पाव हिश्श्यापर्यंतच.

आज अलिबाग-उरणला आमच्यासारखे नोकरदार राहतात ते अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर. लायसन्सी भाडेकरू नव्हे, त्यामुळे हे कलम त्याच्या कामाचे नाही. त्याच्या हाती करारातले एक साचेबंद वाक्य उरते: ‘किरकोळ दुरुस्ती लायसन्सीने करावी.’ किरकोळ म्हणजे किती रुपये, हे बहुधा लिहिलेले नसते. भिंतीत बुजवलेला पाइप ऑगस्टमध्ये पाझरू लागला, की दोघेही तेच वाक्य एकमेकांना वाचून दाखवतात.