गर्भ आणि गादी

चिपळूणच्या मिठागरावर कारकुनी करून वर चढलेल्या बाळाजी विश्वनाथांचा वंश पुढें एका स्त्रीच्या चुकलेल्या पाळीवर अडून राहिला होता, हें वाचकांस चमत्कारिक वाटेल. दि. 30 ऑगस्ट 1773 रोजीं त्यांचे पणतू नारायणराव यांचा शनिवारवाड्यांत खून झाला. पुत्र नव्हता, राघोबादादा पेशवे झाले. परंतु गंगाबाईंस दिवस गेल्याचें कळतांच बारभाईंनीं त्यांस पुरंदरावर नेऊन त्यांच्या नांवें कारभार चालविला. 18 एप्रिल 1774 रोजीं सवाई माधवराव जन्मले.

या दोन तारखांत 231 दिवसांचें अंतर आहे. मूल पुऱ्या दिवसांचें धरल्यास खुनाच्या दिवशीं गर्भ जेमतेम पांच आठवड्यांचा ठरतो. मळमळ, डोहाळे व सुइणीचा हात, एवढींच त्या काळचीं साधनें. लघवीवरून गर्भ ओळखण्याची अशहाइम व झोंडेक यांची परीक्षा बर्लिनमध्यें 1927-28 च्या सुमारास निघाली. शंकेस जागा होतीच. गडावर मूल बदलण्याची तयारी असल्याची वदंताही उठली.

मुलगी झाली असती तर? मुत्सद्दी हा प्रश्न राज्यासाठीं विचारीत होते. त्या तरुण विधवेस मात्र तो बाळंतपणापर्यंत स्वतःच्या पोटांत वागवावा लागला. बारभाईंच्या कर्तृत्वाबरोबर तिच्या या धैर्याचीही नोंद इतिहासानें करावी, असें आम्हांस वाटतें.