दोन पुस्तकांच्या मधला काळ

अद्भुतरम्य कादंबरीमालांच्या वाचकांनी पात्रांच्या भवितव्यावरून परस्परांशी वाद घालावेत, पुढील भागाविषयी तर्क लढवावेत आणि प्रसंगी लेखकालाही त्यात ओढावे, ही प्रथा प्रामुख्याने अमेरिकेत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आकाराला आली. तिच्या घडणीत लेखकांच्या प्रतिभेइतकाच टपालखात्याचाही वाटा होता. एका बैठकीत वाचून संपणाऱ्या पुस्तकाविषयी वाचकाचे मत बनते आणि तेथेच थांबते. माला मात्र दोन भागांच्या दरम्यान वाचकाला ताटकळत ठेवते, आणि त्या रिकाम्या काळात बोलण्याखेरीज त्याच्या हाती काही उरत नाही.

एल. फ्रँक बॉम यांचे ‘द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ’ १९०० साली निघाले तेव्हा त्याचा दुसरा भाग लिहिण्याचा त्यांचा विचार नव्हता. मुलांच्या पत्रांचा ओघ थांबेना, तेव्हा १९०४ साली दुसरे पुस्तक आले. हजार मुलींची हजार पत्रे आली तर आणखी लिहीन असे वचन आपण एका मुलीला दिले होते, असे त्याच्या प्रस्तावनेत म्हटले आहे. या हिशेबात गणितापेक्षा लाघव अधिक असावे. १९१० सालच्या सहाव्या पुस्तकात बॉम यांनी ऑझची भूमी जादूने अदृश्य करून टाकली आणि करकोच्याच्या पंखातील रुंद पांढऱ्या पिसावर लिहिलेल्या चिठ्ठीतून, यापुढे तेथील बातमी कळणार नाही, असे नायिकेकरवी जाहीर केले. लेखकाने मालेचे दार इतक्या काळजीपूर्वक लावून घेतल्याचे दुसरे उदाहरण सहसा आढळत नाही. परंतु १९११ साली त्यांचे दिवाळे निघाले, इतर पुस्तके ऑझइतकी खपेनात, आणि १९१३ साली माला पुन्हा सुरू करणे भाग पडले. अदृश्य देशाची बातमी आता कळणार कशी, ही अडचण एका बालवाचकाने सोडवली: तेथे बिनतारी संदेशयंत्रणा का बसवू नये, असे त्याने विचारले होते, आणि बॉम यांनी हा उपाय त्याचे श्रेय प्रस्तावनेत नोंदवून स्वीकारला.

ही पत्रे मात्र लेखकाकडे जात. वाचकाची वाचकाशी गाठ पडत नव्हती. ती पडली ती मासिकांच्या पत्रसदरांतून. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ हे विज्ञानकथांचे मासिक सुरू केले. वाचकांच्या पत्रांखाली नावाबरोबर पूर्ण पत्ताही छापण्याची त्याची रीत वरकरणी किरकोळ असली तरी तिचा परिणाम दूरगामी झाला, कारण एका गावातील एकटा वाचक आता संपादकाला वगळून दुसऱ्या गावातील तशाच वाचकाला थेट लिहू लागला. या पत्रव्यवहारातून मंडळे निघाली आणि मंडळांतून ‘फॅनझिने’ निघाली. फॅनझिन म्हणजे चाहत्यांनी स्वखर्चाने, विक्रीच्या फारशा अपेक्षेविना काढलेले नियतकालिक. हा शब्द १९४० साली रूढ झाला, वस्तू त्याआधी दहा वर्षांची होती. सायक्लोस्टाइल यंत्र ज्यांना परवडत नसे ते हेक्टोग्राफ वापरत: पसरट थाळीत जिलेटिनचा थर ओतायचा, जांभळ्या शाईने लिहिलेला कागद त्यावर दाबून अक्षरे उमटवून घ्यायची आणि मग कोरे कागद एकेक करून टेकवत प्रती काढायच्या. पन्नासेक प्रतींनंतर अक्षर पुसट होत जाई, त्यामुळे वाचकसंख्येची मर्यादा जिलेटिनच ठरवी.

या मंडळींतील डोनाल्ड वोलहाइम यांनी १९३७ साली अशी नियतकालिके परस्परांत वाटून घेणारी संघटना उभी केली. प्रत्येक सभासदाने आपल्या अंकाच्या प्रती एका व्यवस्थापकाकडे पाठवाव्यात आणि त्याने सर्वांचे अंक एकत्र बांधून प्रत्येकाला धाडावेत, अशी तिची पद्धत होती. हेच वोलहाइम पुढे एस बुक्स या प्रकाशनसंस्थेचे संपादक झाले आणि १९६५ साली त्यांनी जे. आर. आर. टोल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ची ७५ सेंटची स्वस्त आवृत्ती लेखकाच्या संमतीविना काढली.

टोल्किन यांच्या लेखी ती एकच कादंबरी होती. कागद महाग असल्यामुळे ब्रिटिश प्रकाशकाने तिचे तीन खंड केले. दुसरा खंड नोव्हेंबर १९५४ मध्ये आला, त्याच्या अखेरीस नायक शत्रूच्या हाती जिवंत सापडतो, आणि परिशिष्टे तयार होईनात म्हणून तिसरा खंड ऑक्टोबर १९५५ पर्यंत रखडला. जी माला नव्हती तिला अशी मालेची प्रतीक्षा लाभली. अमेरिकेत मात्र तिचा खरा प्रसार स्वस्त आवृत्तीने झाला. अमेरिकी प्रकाशकाने ब्रिटनमध्ये छापलेले फर्मे कायद्याच्या मर्यादेपेक्षा अधिक आयात केल्यामुळे तेथे स्वामित्वहक्क उरला नाही, अशी एस बुक्सची भूमिका होती. टोल्किन यांनी अमेरिकी वाचकांना पाठवलेल्या उत्तरांत या आवृत्तीची तक्रार नोंदवण्यास आरंभ केला, वाचकांनी ती तोंडोतोंडी पसरवली, आणि ९५ सेंटची अधिकृत आवृत्ती बाजारात असताना एस बुक्सला मानधन देऊन पुनर्मुद्रण थांबवणे कबूल करावे लागले. वाचकांच्या पत्रसदरांतून वर आलेल्या प्रकाशकाला वाचकांच्याच पत्रांनी नमवले, हा योग विलक्षणच म्हणावा लागेल. १९६५ सालीच रिचर्ड प्लॉट्झ या शाळकरी मुलाने अमेरिकेत टोल्किन मंडळ स्थापन केले आणि नायक जिवंत असल्याची ग्वाही देणारे बिल्ले तरुणांच्या छातीवर झळकू लागले.

अशा मंडळांचे संस्थापक बहुधा इतक्याच वयाचे असत. किशोर-साहित्य हा वेगळा बाजार म्हणून ओळखला जाण्यापूर्वीच त्याचे वाचक संघटित झाले होते, असे यावरून म्हणता येते. प्रतीक्षेची तऱ्हा पुढेही टिकली: हॅरी पॉटर मालेचा चौथा भाग जुलै २००० मध्ये आणि पाचवा जून २००३ मध्ये आला. या तीन वर्षांत वाचकांनी रचलेल्या तर्कांचा पसारा मूळ पुस्तकांहून मोठा होता. मराठीत ‘हॅरी पॉटर आणि परीस’पासून ही माला आली ती मूळ पुस्तकांच्या मागून, त्यामुळे केवळ अनुवादावर विसंबणाऱ्या वाचकाच्या वाट्याला ती सामूहिक प्रतीक्षा त्याच रूपात आली नाही.

प्रतीक्षा संपल्यावर चर्चाही संपावी असे वाटेल. ऑझचा अनुभव तसा नाही. बॉम १९१९ साली निवर्तले. १९५७ साली ब्रुकलिनमधील जस्टिन शिलर या तेरा वर्षांच्या मुलाने सोळा सभासदांनिशी ऑझ क्लब काढला. त्या क्लबचे ‘द बॉम ब्यूगल’ हे नियतकालिक अद्याप निघते.