दातिवरे, अर्नाळा आणि दुर्गबांधणीचे लेखन
वैतरणा नदीच्या मुखाशी उत्तरेला दातिवरे आणि दक्षिणेला अर्नाळा बेट आहे. खाडीतील ये-जा राखण्यासाठी दोन्हीकडे कोट उभे राहिले. अर्नाळा मराठ्यांनी १७३७ मध्ये घेतला. पहिल्या बाजीरावांच्या आज्ञेने त्याची नव्याने बांधणी झाली. दरवाज्यावरील मराठी शिलालेख त्याची साक्ष देतो. १७३९ मध्ये बाजीरावांचे बंधू चिमाजी अप्पांनी जवळची वसईही जिंकली.

या किनाऱ्यावरील दुर्गांचा अभ्यास एकोणिसाव्या शतकात पुस्तकांत आला. गर्सन द कुन्हा यांचा चौल-वसईवरील इंग्रजी ग्रंथ १८७६ मध्ये, तर ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर १८८२ मध्ये प्रसिद्ध झाले.

शिलालेखांत राज्यकर्त्याचे नाव येते, बांधणाऱ्याचे क्वचितच. म्हणून रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांचा तेथील लेख मोलाचा ठरतो. लहान कोटांच्या गवंडी-पाथरवटांची ओळख दगड, चुना आणि बुरुजांच्या घडणीतूनच पटते. तटांची मोजमापे घेऊन लिहिलेला इतिहास त्यांचे श्रेय जपतो.